कच्चा बोल्ट

"दादा, कच्चा बोल्ट आहे ना हो तुमच्याकडे? माझा तुटला!"

लिंबाच्या ओळींपलीकडून धाकट्या साडूची हाक आली तेव्हा पेटीवाला नुकताच वळण घेत होता. त्याने ट्रॅक्टर थांबवला, इंजिन हळू केलं आणि नीट ऐकू आलेलं असूनही विचारलं, "काय?"

"शिअर बोल्ट हो! रोटाव्हेटरचा. दगड लागला आणि गेला. इंजिन चालू, पाती गप्प. एक द्या, लगेच बसवतो."

पेटी पायाशीच होती. पत्र्याची, हिरवी, कडीला दोरी बांधलेली. तिच्या डाव्या कोपऱ्यात एक गोल डबी होती आणि त्या डबीत कच्चे बोल्ट चिंधीत गुंडाळून ठेवलेले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती डबी बायकोने स्वतः भरली होती, एकेक बोल्ट पुसून, ग्रीस चोळून. "लांबचं काम आहे, जास्तीचेच टाकते," असंही म्हणाली होती.

"नाही," पेटीवाला म्हणाला. "संपले."

हे आपण बोललो यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. तेवढं डोकं चालत नाही त्यांचं, असं बायको म्हणे. आणि आता बोलला तेही काय, तर आपल्या पेटीत अमुक वस्तू नाही. वाण्याने दुकानात मीठ नाही म्हणण्यासारखं होतं ते.

साडू मात्र सरळ मनाचा. "तुमच्याकडे नाही म्हणजे मग कुणाकडेच नसणार," असं म्हणून तो हसला. डोक्याचा रुमाल सोडून त्याने मान पुसली आणि शीळ घालत बागेच्या मालकिणीच्या घराकडे चालू लागला. बंद पडलेलं मशीन मागे ठेवून माणूस शीळ घालत जाऊ शकतो, हेच पेटीवाल्याला बघवत नव्हतं.

आता हे बघवत का नव्हतं, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

गावात छोटा ट्रॅक्टर पहिल्यांदा आणला तो पेटीवाल्याने. तो बुटका ट्रॅक्टर बघून लोक हसले होते. "मोठा झाला की कामाला लाव," म्हणाले होते. मग त्याच लोकांनी त्याला शाळेच्या मैदानाचं गवत कापायला, दवाखान्यामागची बाग उकरायला, मोठा ट्रॅक्टर शिरत नाही अशा फळबागांतून माती उलटणारा रोटाव्हेटर फिरवायला बोलवायला सुरुवात केली. कामं लांबलांबून येत. परक्या ठिकाणी मशीन बंद पडलं तर आपल्याला कोण विचारतो, ही त्याला पहिल्यापासून धास्ती. म्हणून ती पेटी. तिच्यात पट्टे, डिझेलचा फिल्टर, क्लचची केबल, फ्यूज, तारेचं भेंडोळं, नट-बोल्टांच्या डब्या आणि अंगाच्या साबणाची एक वडीसुद्धा. टाकी गळायला लागली तर साबण चोळून भोक बुजवता येतं असं त्याने ऐकलं होतं. ती वडी इतकी वर्षं कोरडीच होती. गावाने त्याचं नाव पेटीवाला पाडलं. नवख्या माणसाला वाटे, हा कुणा गाणाऱ्याला साथ करत असेल.

गंमत अशी, की पेटी उघडायची वेळ क्वचितच आली. निघण्याआधी तो मशीन असं तपासायचा की बिघडायची त्याची टापच नव्हती. काम उरकून घरी आला की बायको विचारायची, "कसं झालं तिकडे?"

"झालं."

"काही घडलं का?"

"काय घडायचंय?"

आणि तो हातपाय धुवायला जायचा. हळूहळू बायकोने विचारणं सोडून दिलं.

मग मेहुणीचं लग्न झालं आणि साडू आला. तो कापडाच्या दुकानात होता. गिऱ्हाइकाला हसवण्यात पटाईत आणि कापड मोजण्यात आनंदीआनंद. ते काम सुटलं तेव्हा मेहुणी रडत आली, "भाऊजी, ह्यांना काहीतरी शिकवा हो." भाऊजींनी शिकवलं. क्लच कसा सोडायचा, वळण कुठे घ्यायचं, पाती किती खोल घालायची. पुढे साडूने स्वतःचा जुना ट्रॅक्टर घेतला, आणि कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात तसं झालं.

साडूकडे पेटीबिटी काही नव्हती. एक पाना आणि एक पकड, त्यातली पकड बहुतेक वेळा कुणालातरी दिलेली. त्याचं मशीन जाईल तिथे बंद पडे आणि जिथे बंद पडे तिथे कुणी ना कुणी धावून येई. एकदा क्लचची केबल तुटली ती नेमकी लग्नघरासमोर. नवरदेवाने आपल्या सायकलीच्या ब्रेकची केबल काढून दिली, याला जेवायला बसवलं, आणि लग्नाच्या फोटोत हा नवरदेवाच्या शेजारी उभा, हाताला ग्रीस तसंच. त्या घरून त्याला अजून फोन येतात. दुसऱ्या एका ठिकाणी टायर फाटला, तर एका म्हाताऱ्याने स्वतःच्या गादीचा कापूस उपसून टायरमध्ये कोंबून दिला आणि वर म्हणाला, "तशीही मला झोप येत नाही."

रविवारी दोन्ही बहिणींची घरं मेहुणीकडे जमत. साडू हे सगळं हातवारे करून सांगायचा आणि पेटीवाल्याची बायको हसायची. तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, शेवटी नाकातून एक बारीक आवाज निघेपर्यंत. तो आवाज पेटीवाल्याने लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत ऐकला होता. आता ऐकायचा तर साडूच्या घरी जावं लागे.

"तुझं बरंय बाई," ती एकदा बहिणीला म्हणाली. "तुझ्याकडे रोज काहीतरी नवीन. आमच्याकडे सगळं थंड. ह्यांचं कधी काही होतच नाही."

ती सहज बोलली. पेटीवाल्याच्या मात्र ते घशात काट्यासारखं अडकून बसलं. होत नाही म्हणजे काय? होऊ नये म्हणून मी जीव टाकतो, ते कुणाला दिसत नाही? त्याला साडूचा राग यायचा. मग रागाची लाज वाटायची, कारण साडू वाईट माणूस नव्हता. मग त्या लाजेचाही राग यायचा आणि फिरून तो साडूवरच निघायचा. सरळ सांगायचं तर तो जळत होता. सकाळ-संध्याकाळ, मंद आचेवर, कुणाला वास येणार नाही असा.

त्यातच हे लिंबाच्या बागेचं काम आलं. बाग लांब, डोंगराच्या उतारावर. पाण्याच्या नळ्या टाकणारी माणसं येण्याआधी सगळी माती उलटून व्हायला हवी होती, म्हणून दोन ट्रॅक्टर हवे होते. दोघा साडूंनी मिळून टेम्पो केला. निघताना मेहुणी पेटीवाल्याच्या बाजूच्या खिडकीशी आली.

"भाऊजी, तुम्ही बरोबर आहात म्हणून मला घोर नाही. ह्यांचं तर तुम्हाला ठाऊकच आहे."

मी काय त्याची आई आहे, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तो नुसता "हं" म्हणाला.

बागेची मालकीण उंच, पांढऱ्या केसांची, काठी टेकत चालणारी बाई होती. पहिल्याच चहाला साडूने तिला नवरदेवाच्या सायकलीची गोष्ट सांगितली. बाई अशी हसली की तिची काठी पडली. पेटीवाल्याने ती उचलून दिली. बाईने त्याच्याकडे न बघताच घेतली.

"पुढच्या वर्षीही तूच ये रे बाबा," ती साडूला म्हणाली. मग आठवण झाल्यासारखी, "हे पण आले तरी चालेल."

हे पण! सकाळपासून पेटीवाल्याने पट्टीने आखल्यासारख्या ओळी काढल्या होत्या. एका झाडाच्या मुळाला धक्का लावला नव्हता. साडूच्या ओळी म्हणजे चहा पिऊन, गप्पा मारून, आठवेल तसं काढलेलं काम. आणि हा मुख्य, नि मी 'हे पण'! त्या दोन शब्दांनी त्याला दुपारपर्यंत पोखरलं, आणि दुपारी बोल्टासाठी हाक आली. त्याला फार काही नको होतं. फक्त एकदा या माणसाने त्या बाईसमोर हात चोळत उभं राहावं. तयारी नसली की काय होतं ते एकदा चारचौघांना दिसावं. म्हणून तो नाही म्हणाला.

साडू गेल्यावर पेटीवाल्याने पुढच्या ओळी मोठ्या मजेत काढल्या. मधून मधून तो घराकडे बघत होता. आता येईल खाली मान घालून. मग मी म्हणेन, बस बाबा सावलीत, मी करतो तुझंही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला साडूबद्दल थोडी माया वाटली.

आणि मग घराकडून वरातच आली. पुढे साडू, मागे काठी टेकत मालकीण, तिच्यामागे बागेचा रखवालदार हातोडी खांद्यावर टाकून. तिघंही हसत होते.

"मिळाला!" साडू लांबूनच ओरडला. "जुन्या फाटकाच्या बिजागरात होता, दादा. निघता निघेना. बाईंनी स्वतः दोन घाव घातले!"

"किती वर्षांनी हातोडी धरली मी," बाई म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "फाटक आता पडेल बहुतेक. पडू दे मेलं."

झालं. रविवारच्या गोष्टीची सोय झाली. पेटीवाल्याला ती गोष्ट आत्ताच ऐकू येऊ लागली, आणि गोष्टीच्या शेवटी बायकोच्या नाकातला तो बारीक आवाजही.

साडूने बोल्ट त्याच्या हातावर ठेवला. जड होता, काळा, डोक्यावर कोरीव खुणा असलेला. पेटीवाल्याने तो ताबडतोब ओळखला. हा पक्का बोल्ट होता, पोलादी. रोटाव्हेटरचा बोल्ट मुद्दामच कच्चा केलेला असतो. पात्याखाली दगड आला की तो तुटतो आणि झटका तिथल्या तिथे संपतो. त्याच्या जागी पक्का घातला तर तो तुटत नाही. मग झटका आत जातो आणि गिअरबॉक्सच फुटतो. हे त्याने साडूला कधी सांगितलं नव्हतं. तुटला की नवा घाल, एवढंच सांगितलं होतं. का, ते साडूने विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायची पेटीवाल्याला सवय नव्हती.

"आधीच्यापेक्षा मजबूत आहे की नाही?" साडूने विचारलं.

"मजबूत आहे," पेटीवाला म्हणाला. ते तर खरंच होतं.

साडू मशीनखाली शिरला. बोल्ट बसला. साडूच्या उरलेल्या ओळी बागेच्या वरच्या अंगाला होत्या, आणि तिथे मातीखाली जुन्या गोठ्याचा दगडी पाया आहे, जपून, असं बाईने सकाळीच सांगितलं होतं. साडूने ट्रॅक्टर सुरू केला. पाती फिरू लागली. बाई आणि रखवालदार टाळ्या वाजवू लागले, जणू विमानच उडालं.

मोडू दे, पेटीवाला मनात म्हणाला.

ट्रॅक्टर चढाला लागला. मोडू दे. एकदा फुटला गिअरबॉक्स की त्याला ना नवरदेव काही करू शकेल, ना गादीवाला म्हातारा. टेम्पोत घालून न्यावा लागेल, आणि मग या माणसाचं घर बसेल. परत कापडाच्या दुकानाच्या दाराशी उभा राहील. मोडू दे. असं तिसऱ्यांदा म्हणताना त्याला टेम्पोच्या खिडकीवर ठेवलेला मेहुणीचा हात दिसला. घोर नाही, म्हणाली होती ती.

पेटीवाला उडी मारून उतरला आणि चढावर धावत सुटला. धावायची सवय नव्हती. चप्पल मातीत राहिली, लिंबाच्या काट्याने बाही फाडली.

"थांब! ए, थांब! बंद कर!"

साडूने दचकून इंजिन बंद केलं. "काय झालं, दादा?"

"काढ तो बोल्ट." पेटीवाल्याला धाप लागली होती. "पक्का आहे तो. पुढे गोठ्याचा पाया आहे ना? दगड लागला तर हा तुटणार नाही, तुझा गिअरबॉक्स फुटेल."

साडूचं तोंड उघडंच राहिलं. "अरे बापरे! आणि मी म्हणत होतो मजबूत आहे... बरं झालं तुम्ही बघितलंत." मग तो खाली उतरला आणि डोकं खाजवत म्हणाला, "पण मग आता दुसरा कुठून आणायचा?"

प्रश्न साधा होता. उत्तर खाली, हिरव्या पेटीत, डाव्या कोपऱ्यात होतं. एवढ्यात बाईही काठी टेकत चढ चढून आली, आणि तिच्या मागे रखवालदार.

"तुमची पेटी एकदा नीट बघा ना," साडू म्हणाला. "तळाला एखादा पडला असेल."

"बघितली," पेटीवाला म्हणाला.

"पुन्हा एकदा—"

"बघितली म्हणतो ना!"

तो एवढ्या जोरात ओरडला की बाई दोन पावलं मागे सरली. पेटीवाला वळला, उतार उतरून आपल्या ट्रॅक्टरपाशी गेला आणि गुडघे टेकून रोटाव्हेटरखाली वाकला. आपल्याच मशीनचा चांगला, धडधाकट बोल्ट त्याने पान्याने सोडवून काढला. बोल्ट गरम होता. तसाच मुठीत धरून तो वर आला आणि साडूच्या हातावर ठेवला.

"माझा घे."

"आणि तुम्ही?"

"मी बसतो. तू तुझं कर आणि उरलेलं माझंही कर."

ज्याची टकळी झोपेतसुद्धा बंद होत नाही असं मेहुणी म्हणे, तो माणूस हातातल्या बोल्टाकडे बघत उभा राहिला. मग त्याने पेटीवाल्याचे दोन्ही हात धरले, ग्रीससकट.

"असा भाऊ मिळायला नशीब लागतं हो," बाई म्हणाली.

उन्हं उतरेपर्यंत पेटीवाला लिंबाच्या सावलीत बसून होता. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून पेटीवरच बसला. बाईने या वेळी चहा आधी त्याला आणून दिला आणि तो कुठला, घरी कोण कोण असतं, असं सगळं विचारलं. रखवालदाराने हरवलेली चप्पल शोधून, झटकून त्याच्या पायाशी ठेवली. परक्या ठिकाणी बंद पडलेल्या माणसाला लोक काय काय देतात ते पेटीवाल्याला पहिल्यांदाच मिळत होतं, आणि त्यातलं काहीच त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. साडू आता पेटीवाल्याच्या वाटणीच्या ओळी काढत होता. ओळी वाकड्या येत होत्या. ते बघून त्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची पुन्हा लाज वाटली. मध्येच उठून एक बोल्ट काढावा, "अरे, सापडला बघ," म्हणावं, असं त्याला अनेकदा वाटलं. पण जितका वेळ जाई तितकं ते अवघड होत गेलं. शेवटी आता बोलून काय उपयोग, असं वाटण्याइतका उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा साडू जागेवर नव्हता. दुधाच्या गाडीत बसून भल्या पहाटे तो कुठल्याशा बाजाराच्या गावी गेला होता. परत आला तो ओंजळभर कच्चे बोल्ट घेऊन.

"एक तुमच्या मशीनला आणि एक माझ्याकडे जास्तीचा. बाकीचे तुमच्या पेटीत राहू देत," तो म्हणाला. "तुमची पेटी रिकामी बरी दिसत नाही, दादा."

पेटीवाल्याने त्याच्याकडे पाठ केली आणि झाकण अर्धंच उघडून ते बोल्ट आत टाकले. डबीत जागा नव्हती. ते तारेच्या भेंडोळ्यात कुठेतरी पडले.

रविवारी मेहुणीच्या घरी साडूने गोष्ट सांगितली. फाटक, बिजागर, बाईची हातोडी, सगळं आलं. पण हे सगळं त्याने भराभरा उरकलं. खरी गोष्ट पुढे होती.

"...आणि दादा म्हणाले, माझा घे! स्वतःच्या चालू मशीनचा बोल्ट काढून दिला हो! आणि स्वतः झाडाखाली बसून राहिले. मी कामं करतोय आणि हा माणूस बसून. ज्याला रिकामं बसलेलं आपण कुणी कधी बघितलं नाही!" त्याचा आवाज जरा फाटला. "माझं मशीन गेलं असतं त्या दिवशी. सगळंच गेलं असतं."

मेहुणीने डोळ्यांना पदर लावला. पेटीवाल्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात चहाची किटली घेऊन उभी होती.

"कच्चा बोल्ट?" तिने विचारलं.

"हो ताई. कच्चा."

"आणि ह्यांच्याकडे एकही नव्हता?"

"एकही नाही! पेटीवाल्यांकडे! म्हणजे बघा, आमचं नशीब किती फुटकं!"

तिने नवऱ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. पेटीवाला बशीत बघत होता. तिने स्वतःच्या हाताने भरलेली डबी होती ती. ग्रीस नखात गेलं म्हणून त्या रात्री कुरकुरत होती. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्याला कळलं होतं. आता ती एक वाक्य बोलेल, साधंच, अहो मी तर डबी भरून दिली होती म्हणून, आणि ही खोली गप्प होईल. तो त्या वाक्याची वाट बघत बसला.

"काका, तुम्ही सांगा ना," साडूची धाकटी मुलगी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली. "बाबा फार वाढवून सांगतात."

सगळे त्याच्याकडे वळले. इतक्या वर्षांच्या रविवारांत पहिल्यांदाच.

"म्हणजे," तो म्हणाला, "बोल्ट तुटला. मग..." त्याने बशी उगाच फिरवली. "मग, म्हणजे..."

"ह्यांना कुठलं जमतंय," बायको म्हणाली. तिने किटली खाली ठेवली आणि मुलीला जवळ ओढून बसली. "मी सांगते. तुझे काका निघायच्या आधी सगळं बघून ठेवतात. सगळं. पण लांबच्या कामाला कितीही नेलं तरी एखादी वस्तू संपते. तशी संपली. मग तुझ्या बाबाचं मशीन अडलं. काकांनी कुणाला विचारलं नाही, पुढे आपलं काय म्हणून बघितलं नाही. जमिनीवर बसले, आपला बोल्ट काढला आणि दिला. लोकांनी वाहवा करावी म्हणून नाही हं. आपलं माणूस आहे म्हणून."

"मग काका रडले?" मुलीने विचारलं.

"नाही. काका कुठले रडतात."

"ताई, तुम्ही माझ्यापेक्षा भारी सांगता!" साडू म्हणाला आणि सगळे हसले. ती हसली नाही. उठून तिने सगळ्यांच्या कपांत चहा ओतला. नवऱ्याच्या कपातही, काठोकाठ. भरल्या घरात तिने आपल्याविषयी असं बोलावं, ही पेटीवाल्याची केवढी इच्छा होती. ती बोलली होती, आणि त्याला मान वर करता येत नव्हती.

दोघं घरी परतत होती. दुकानं बंद होत होती. शेवटी तो म्हणाला, "अगं, ती डबी—"

"मीच भरली होती," ती म्हणाली.

"मग तिथे का नाही बोललीस?"

"धाकटी पोर तुमच्याकडे कशी बघत होती ते बघितलंत ना? तिच्यादेखत काय बोलू?"

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "काय वाकडं केलं होतं हो त्याने तुमचं?"

त्याने खरं उत्तर शोधलं. खूप शोधलं.

"तू हसतेस," तो म्हणाला. "त्याच्या गोष्टींना."

ती थांबली. तिने त्याच्याकडे असं बघितलं, की आधी तिला राग यावा आणि मग तो कुठे ठेवावा ते कळू नये. मग ती पुन्हा चालू लागली.

"पोरगी पुढच्या रविवारी पुन्हा विचारणार," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही सांगा. कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. मला हे दुसऱ्यांदा जमायचं नाही."

"बरं," तो म्हणाला.

मोठा रस्ता आला. ओलांडताना ती नेहमी त्याची बाही धरायची. गाड्यांची तिला भीती वाटे. आज तिने दोन्ही बाजूंना बघितलं, एक ट्रक जाऊ दिला आणि एकटीच पलीकडे गेली. तिथे दिव्याखाली पिशवी या हातातून त्या हातात घेत ती त्याची वाट बघत उभी राहिली.